एक पेटी की दोन?
(स्टीरिओ आणि ड्युअल-मोनो ॲम्प्लिफायरविषयी, गाणे ऐकणाऱ्यांसाठी)

बेलव्ह्यूत किंवा आसपास घर झाले, मुले शाळेत रमली, गराजमध्ये दुसरी गाडी आली, की आपल्यापैकी अनेकांना एक जुनी हौस पुन्हा आठवते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्याच्या बुधवार पेठेत काचेपलीकडचे ॲम्प्लिफायर पाहून परत फिरलेलो आपण, आता ती वस्तू घरी आणू शकतो. मग मित्रांकडे विचारपूस सुरू होते, दुकानात चकरा होतात आणि कोणीतरी जाणकार सांगतो, "स्टीरिओ ॲम्प्लिफायर घेऊ नका हो, ड्युअल-मोनो घ्या. दोन्ही बाजू वेगळ्या पाहिजेत!" किंमत ऐकून घरातली दुसरी बाजू वेगळेच काही म्हणते.

प्रश्न काही शे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंतचा आहे. तेवढ्यात घरच्यांची भारताची तिकिटे निघतात. तेव्हा दोन पेट्यांत नेमके काय वेगळे असते, ते कानाला कळते का आणि आपण जे गाणे ऐकतो त्याला त्याचा उपयोग किती, हे एकदा शांतपणे पाहू या.

आधी नावांचा घोळ सोडवू

ॲम्प्लिफायरचे काम थोडक्यात असे. सीडी प्लेयर किंवा टर्नटेबलकडून आलेला क्षीण विद्युत-संकेत हुबेहूब तसाच, पण स्पीकरचा पडदा हलवण्याइतका बलवान करायचा. हे बळ भिंतीतल्या विजेतून येते. ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टची वीज हवी तेवढी कमी करतो, रेक्टिफायर तिला एकाच दिशेने वाहायला लावतो आणि मोठे कपॅसिटर तिचा साठा करतात. या सगळ्याला मिळून पॉवर सप्लाय म्हणतात. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते तसाच हा प्रकार. नळ म्हणजे ॲम्प्लिफायरचे मंडल, टाकी म्हणजे पॉवर सप्लाय.

साध्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरमध्ये डाव्या-उजव्या चॅनेलचे नळ दोन असतात, पण टाकी एकच. ड्युअल-मोनोमध्ये पेटी एकच, पण आत दोन टाक्या, म्हणजे दोन ट्रान्सफॉर्मर (किंवा निदान दोन वेगळी वेटोळी) आणि कपॅसिटरचे दोन संच. त्यापुढची पायरी म्हणजे मोनोब्लॉक. त्यात पेट्याच दोन, विजेच्या वायरी दोन, आणि एकेक पेटी एकेका स्पीकरची. जाहिरातीत ही नावे सैलपणे वापरतात. एका बाजूच्या चार ट्रान्झिस्टरांची पाटी वेगळी केली म्हणून पेटीवर 'ड्युअल-मोनो' छापलेलेही आढळते. म्हणून पहिला प्रश्न विचारावा, "ट्रान्सफॉर्मर किती?"

गंमत अशी की दोन पेट्यांची पद्धत ही नव्या जमान्याची चैन नाही. तीच मुळात आधीची. स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास. त्यापूर्वी घरात एकच स्पीकर असे आणि एकच ॲम्प्लिफायर. इंग्लंडमधला १९५३चा क्वाड टू किंवा अमेरिकेतला डायनॅको मार्क थ्री हे असेच एका चॅनेलचे. स्टीरिओ आल्यावर लोकांनी तसलाच दुसरा आणून शेजारी ठेवला. एवढा खर्च आणि पसारा नको म्हणून १९५९मध्ये डायनॅकोने स्टीरिओ ७० आणला. एकाच सांगाड्यावर ३५ वॉटचे दोन चॅनेल आणि एकच ट्रान्सफॉर्मर पुरवठ्याला. लोक तो किट आणून घरी जोडत आणि तो अफाट खपला. म्हणजे एक टाकी ही काटकसर म्हणून आली, आणि त्या काटकसरीत किती गमावले हाच खरा वाद आहे.

ड्युअल-मोनोच्या बाजूने

पहिला मुद्दा गळतीचा. डाव्या चॅनेलमधला थोडा संकेत उजव्यात झिरपतो. त्याला क्रॉसटॉक म्हणतात. तो सामाईक पॉवर सप्लायमधून जातो, सामाईक अर्थिंगमधून जातो आणि शेजारी-शेजारी धावणाऱ्या तारांतूनही जातो. बऱ्या स्टीरिओ ॲम्प्लिफायरमध्ये १,००० हर्ट्झला दोन चॅनेलांतले अंतर ६० ते ८० डेसिबेल असते. ६० डेसिबेल म्हणजे हजारातला एक भाग पलीकडे जातो. सूर जसजसा उंच, तशी तारांमधली गळती वाढते. १,००० हर्ट्झला ७० डेसिबेल असेल तर १०,०००ला ५०वर येऊ शकते. दोन पेट्यांत ही गळती जवळजवळ शून्य.

दुसरा मुद्दा टाकीचा. खालच्या मजल्यावर कोणी बादली भरायला घेतली की वरच्या नळाची धार बारीक होते, तसे डाव्या बाजूला पखवाजाची जोरकस थाप पडली तर सामाईक सप्लायचे व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि उजव्या बाजूच्या वाट्याला कमी उरते. टाक्या वेगळ्या असल्या की हा प्रश्नच नाही.

हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

प्रमाण पाहू गेले तर

गळतीचेच घ्या. टर्नटेबलची सुई-कार्ट्रिज स्वतःच दोन चॅनेल जेमतेम २५ ते ३० डेसिबेल वेगळे ठेवते. म्हणजे तीसातला एक भाग तिथेच मिसळून आलेला असतो. पुढे ॲम्प्लिफायरने हजारातला एक भाग मिसळला काय आणि लाखातला एक मिसळला काय, आधीची मिसळ तशीच राहते. सीडीचे तसे नाही. तिथे ९० डेसिबेलचे अंतर सहज मिळते. पण स्पीकरमधून आवाज निघाला की त्याचे काय होते? डाव्या स्पीकरचा आवाज केवळ डाव्या कानाला ऐकू येत नाही. तो डोक्याला वळसा घालून उजव्या कानाशीही जातो, साधारण पाव मिलिसेकंद उशिरा आणि थोडासा दबून. खर्जाच्या सुरांत तर तो दबतही नाही. शिवाय भिंती, छत आणि काचेचे सरकते दार आपापला प्रतिध्वनी मिसळतात. त्या महापुरात हजारातला एक थेंब शोधायचा आहे.

टाकीचा मुद्दाही उलटतपासणीला उभा करू. ४०० व्होल्ट-ॲम्पिअरचा एक ट्रान्सफॉर्मर आणि २००चे दोन, यांत श्रेष्ठ कोण? दोन्ही बाजूंना एकाच वेळी सारखी मागणी असेल तर दोघे सारखेच. मागणी एकाच बाजूला असेल तर मोठा एकटा ट्रान्सफॉर्मर सरस, कारण त्याची पूर्ण ताकद त्या बाजूला वापरता येते. आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणांत खर्जाचे, ताकद खाणारे सूर बहुधा मधोमध ठेवलेले असतात, म्हणजे दोन्ही चॅनेलांत सारखे. म्हणून 'दोन' या आकड्यापेक्षा 'केवढे' हा प्रश्न महत्त्वाचा. दोन लहान टाक्यांपेक्षा एक ऐसपैस टाकी बरी.

किती ताकद लागते याचाही हिशेब करून ठेवावा. दिवाणखान्यात बोलण्याच्या पट्टीत गाणे लावले तर बहुतेक स्पीकरना सरासरी एक वॉटही लागत नाही. पण तबल्याची थाप सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबेल वर उसळते. दहा डेसिबेल म्हणजे दहापट ताकद, वीस म्हणजे शंभरपट. सरासरी अर्धा वॉट चालू असताना त्या एका थापेला क्षणभर पन्नास वॉट हवेत. ते नसले तर थापेचे टोक छाटले जाते आणि तबला पुठ्ठ्याचा वाटू लागतो. उलट ५० वॉटवरून १०० वॉटला गेल्याने मिळतात फक्त तीन डेसिबेल. ते कळतात, पण बेताचे.

वॉटचे आकडे वाचतानाही जपावे. एके काळी जाहिरातींत मनाला येईल तो आकडा छापत. १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला की घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद सांगायची तर चॅनेल एकाच वेळी चालवून, सतत टिकणारी ताकद सांगावी. २०२४ साली तो नियम सुधारून ८ ओहम आणि २० ते २०,००० हर्ट्झ ही मोजणीची अट सर्वांना सारखी केली. सामाईक सप्लाय तोकडा असेल तर याच आकड्यात तो उघडा पडतो.

लिनवुडचा एक दाखला

या वादाचा एक गाजलेला निकाल आपल्या अंगणातल्याच माणसाच्या नावावर आहे. बेलव्ह्यूहून आय-४०५ने उत्तरेला निघाले की अर्ध्या तासात लिनवुड येते. तिथे बॉब कार्व्हर या अभियंत्याने १९७९ साली कार्व्हर कॉर्पोरेशन काढली. त्याआधी १९७०मध्ये त्यांनी याच भागात फेज लिनियर ही कंपनी उभारली होती. तिचा फेज लिनियर ७०० दर चॅनेलला ३५० वॉट देई, आणि त्या काळी घरगुती वापरासाठी हा आकडा अचाट होता. पुढे १९९४मध्ये त्यांनी सनफायर काढली.

१९८०च्या दशकात कार्व्हर यांनी आव्हान दिले की कितीही महाग ॲम्प्लिफायर आणा, माझ्या स्वस्त ॲम्प्लिफायरमधून मी तोच आवाज काढून दाखवतो. आधी 'द ऑडिओ क्रिटिक' या मासिकाने मार्क लेव्हिन्सनचा एमएल-टू निवडला. तो २५ वॉटचा मोनोब्लॉक. मग १९८५मध्ये 'स्टीरिओफाइल'ने आव्हान घेतले. न्यू मेक्सिकोत ४८ तासांत जुळवायचे आणि समोरच्या ॲम्प्लिफायरचे झाकण उघडायचे नाही. तो होता कॉनरॅड-जॉन्सनचा प्रीमियर फाइव्ह, व्हॅक्यूम ट्यूबचा मोनोब्लॉक, जोडीची किंमत सहा हजार डॉलरच्या वर. कार्व्हर यांच्या हाती होता एका पेटीतला ट्रान्झिस्टरचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर.

त्यांची पद्धत समजण्यासारखी आहे. दोन्ही ॲम्प्लिफायरना एकच संगीत द्यायचे आणि एकाच्या निकालातून दुसऱ्याचा वजा करायचा. दोघे सारखे असतील तर बाकी शून्य. जी बाकी उरेल ती म्हणजे दोघांतला फरक, तो ऐकताही येतो. मग आपल्या मंडलात बदल करत ती बाकी कमी-कमी करत न्यायची. ध्येय होते ७० डेसिबेलचे, म्हणजे तीन हजारांतला एक भाग. जुळणी झाल्यावर मासिकाच्या संपादकांना त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच स्पीकरवर दोघांतला फरक ओळखता आला नाही. पुढे कारखान्यातून निघालेल्या नगांत ही जुळणी तितकी तंतोतंत राहते का, यावर त्याच मासिकात पुन्हा वाद झाला. वाद व्हायलाच हवा होता. पण आपल्या प्रश्नापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे. दोन वेगळ्या पेट्यांचा जो 'आवाज' म्हणून लोक ओळखत होते, तो पेट्या दोन असल्यामुळे नव्हता. स्पीकरशी जोडल्यावर ॲम्प्लिफायर सूर किती वर-खाली करतो आणि स्वतःचे काय मिसळतो, यात तो होता.

याच कार्व्हर यांनी आपल्या प्रीॲम्प्लिफायरमध्ये 'सोनिक होलोग्राफी' नावाचे मंडल घातले होते. डाव्या स्पीकरचा जो आवाज उजव्या कानाशी पोहोचतो, तो पुसून टाकण्याचा तो प्रयत्न होता. म्हणजे खरी गळती पेटीत नसून खोलीत आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आपण ऐकतो काय?

आता आपल्या कपाटातल्या संग्रहाकडे वळू. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक याप्रमाणे ऐकवलेले गीतरामायण, १९५०च्या दशकातल्या मैफलींची ध्वनिमुद्रणे: हे सगळे मोनो. एकाच मायक्रोफोनची नाहीतर एकत्र केलेल्या मायक्रोफोनांची वाट. हे सीडीवर आले तरी डाव्या आणि उजव्या चॅनेलांत तेच असते. आता विचार करा, डाव्यातून उजव्यात गळती झाली तर काय गळेल? जे उजव्यात आहे तेच! अशा गाण्याला दोन टाक्यांचा गळतीपुरता फायदा शून्य. आपल्यातल्या पुष्कळ घरांत जे जिवापाड जपले आहे त्यातले निम्मे-अधिक या जातीचे आहे.

या संग्रहाला खरा उपयोग होतो तो जुन्या ॲम्प्लिफायरवर असलेल्या एका साध्या बटणाचा. त्यावर 'मोनो' लिहिलेले असते. मोनो तबकडीच्या खाचेत गाणे आडव्या हालचालीत कोरलेले असते. स्टीरिओची सुई मात्र उभी हालचालही वाचते, आणि मोनो तबकडीत उभे म्हणून जे असते ते धूळ, चरे आणि मोटरची घरघर. मोनोचे बटण दाबले की दोन्ही चॅनेलांची बेरीज होते, उभी हालचाल एकमेकींत कटते आणि गाण्यामागची खरखर लक्षात येण्याइतकी खाली बसते. वडिलांनी बॅगेत कपड्यांच्या घडीत आणलेल्या तबकड्या वाजवायच्या असतील, तर हे बटण दोन ट्रान्सफॉर्मरांपेक्षा मोलाचे. एका कानाने कमी ऐकणाऱ्या आजी-आजोबांनाही त्याचा उपयोग होतो. दोन्ही स्पीकरमधून सगळे गाणे येते, निम्मे हरवत नाही. आजकालच्या बऱ्याच ॲम्प्लिफायरवर हे बटण नसते, म्हणून मुद्दाम विचारून घ्यावे.

तानपुऱ्याची जवारी हा दुसरा कसोटीचा दगड. तिचे सूक्ष्म स्वर गायकाच्या मागे सतत हलक्या पट्टीत चालू असतात. ते ऐकू यायचे तर ॲम्प्लिफायर स्वतः गप्प असला पाहिजे. दुकानात गाणे न लावता आवाजाची खुंटी नेहमीच्या जागी ठेवा आणि कान स्पीकरजवळ न्या. सूं किंवा गुंई ऐकू आली तर ती जवारीवर पडदा टाकणार.

दोन पेट्यांचे संसारी प्रश्न

ती गुंई पुष्कळदा दोन पेट्यांमुळेच येते. दोन मोनोब्लॉक दोन वेगळ्या प्लगांत लावले, दोघांना तीन पिनांचे प्लग असले आणि मधल्या तारांनी दोघे प्रीॲम्प्लिफायरला जोडले, की अर्थिंगचे एक मोठे वेटोळे तयार होते. त्यात घरातल्या विजेचा ६० हर्ट्झचा सूर शिरतो. उपाय म्हणजे दोन्ही पेट्या एकाच ठिकाणच्या प्लगांत लावणे किंवा बॅलन्स्ड जोडणी वापरणे. तिसरी पिन कापणे किंवा तिला बगल देणारा अडॅप्टर लावणे, हा उपाय कोणी कितीही ठामपणे सांगितला तरी करू नये. आतली तार सुटून पेटीला टेकली तर तीच पिन जीव वाचवते.

एक स्टीरिओ ॲम्प्लिफायर 'ब्रिज' करून मोनो म्हणून वापरता येतो, म्हणून दोन घ्यायचा मोहही होतो. कागदावर ताकद चौपट होते. पण त्यात ॲम्प्लिफायरच्या प्रत्येक अर्ध्या भागाला ८ ओहमचा स्पीकर ४ ओहमसारखा आणि ४चा २सारखा जड लागतो. कंपनीने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच हे करावे.

तिसरा प्रश्न खास आपला. पुढेमागे पुण्याला किंवा नाशिकला परतायचे म्हणणाऱ्यांनी पेटीच्या पाठीवरची पट्टी वाचावी. इथे वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. व्होल्टेज बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरने उतरवता येते, हर्ट्झ त्याने बदलत नाहीत. फक्त ६०साठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर चालवला तर त्याच्या गाभ्यातले चुंबकत्व वीस टक्क्यांनी वाढते. तो गरम होतो आणि घुमू लागतो. पट्टीवर ५०/६० लिहिले असेल तर निर्धास्त राहावे. नसेल तर ड्युअल-मोनोत बदलायला एक नाही, दोन ट्रान्सफॉर्मर असतात हे लक्षात ठेवावे.

मग दोन पेट्या कोणी घ्याव्यात?

घ्याव्यात, अशीही ठिकाणे आहेत. स्पीकर ४ ओहमच्या खाली उतरणारे असतील, खोली मोठी असेल आणि आवाज भरपूर लागत असेल, तर दोन दणकट सप्लायांचा उपयोग होतो. स्पीकर फार लांब असतील तर प्रत्येकाजवळ मोनोब्लॉक ठेवून स्पीकरची तार आखूड करता येते. अर्थात पंचवीस फूट लांबीच्या साध्या १६ गेजच्या तारेचा जाऊन-येऊन रोध ०.२ ओहम भरतो, त्याने ८ ओहमच्या स्पीकरला पाव डेसिबेलही कमी होत नाही. ऐंशी पौंडांची एक पेटी उचलण्यापेक्षा चाळीसच्या दोन उचलणे पाठीला बरे, हेही खरे. आणि एक बिघडली तरी दुसरी चालू राहते.

दोन पेट्यांत फरक कळतो असे वाटत असेल तर घरीच पडताळा घ्या. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून, १०० हर्ट्झचा सूर वाजवून दोन्ही ॲम्प्लिफायरचे व्होल्टेज एक टक्क्याच्या आत सारखे करा. जरा मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो, म्हणून हे आवश्यक. मग दुसऱ्या कोणीतरी नाणे उडवून, तुम्हाला न दिसता, एक किंवा दुसरा लावावा. सोळा वेळा ओळखा. बारा किंवा जास्त बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता शंभरात चार. मग खुशाल दोन पेट्या घ्या, तुमचे पैसे तुमच्या कानांनी कमावले.

नाही ओळखता आले, तर पैशांचा क्रम असा लावा. आधी स्पीकर आणि त्यांची जागा: भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, दोघांत आणि आपल्या बसण्यात सारखे अंतर. मग खोलीतला जाड गालिचा आणि पडदे. मग एक ऐसपैस टाकीचा, गप्प बसणारा, शक्यतो मोनोचे बटण असलेला एका पेटीतला ॲम्प्लिफायर. आणि एवढे करून जे उरेल त्यातून घरच्या जुन्या तबकड्या आणि कॅसेट धुऊन-पुसून चांगल्या यंत्रावरून उतरवून घ्या. ॲम्प्लिफायर दुकानात उद्याही मिळेल. कॅसेटची फीत मात्र दर वर्षी थोडी थोडी झिजते, आणि त्यावरचा आपल्या माणसांचा आवाज दुसऱ्या कुठल्याही पेटीत नाही.